आंब्याचा नेम आणि भरतीची वेळ: शाळेतील व्हिडिओ गेम आणि आभासी वर्ग

प्रश्न असा आहे. जिल्हा परिषदेच्या उच्च प्राथमिक शाळेतील एक शिक्षिका लिहितात की, पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ग्रामपंचायतीने शाळेला १० टॅब आणि एक स्मार्ट टीव्ही दिला आहे. सहावीचा पट ३४ आहे. मुख्याध्यापकांची इच्छा आहे की आठवड्यातून दोनदा आभासी वर्ग भरावा, मुलांना टॅबवर गेम हवे आहेत, आणि पालक म्हणतात, "घरी मोबाइलने पोरं बिघडली, आता शाळेनंही तेच करायचं का?" या साधनांनी मुलांचे शिकणे खरोखर वाढते का, वाढत असेल तर कोणत्या गेमने, आणि आभासी वर्ग नेमका कशासाठी वापरावा, असे त्यांनी विचारले आहे.

मी २२ वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले, आणि आता शिक्षकांबरोबर गणित-विज्ञानाची डिजिटल साधने तयार करण्याचे व ती वर्गात वापरून पाहण्याचे काम करतो. त्या अनुभवातून आधी थोडक्यात उत्तर देतो. ज्या गेममध्ये खेळाची चाल आणि शिकायची गोष्ट एकच असते, तो उपयोगी पडतो. ज्यात गणिताचा प्रश्न हा खेळाच्या वाटेवरचा टोलनाका असतो, तो बहुधा पडत नाही. आभासी वर्गाचेही असेच आहे. आपल्या खोलीत नसलेली एखादी वस्तू, जागा किंवा व्यक्ती त्यातून खोलीत येत असेल तर तो भरवावा. जे आपण फळ्यासमोर उभे राहून अधिक चांगले सांगू शकतो ते पडद्यावरून सांगण्यासाठी भरवू नये. पुढचे सगळे या दोन वाक्यांचे स्पष्टीकरण आहे.

माझी पहिली चूक सांगतो, म्हणजे टोलनाका म्हणजे काय ते कळेल. काही वर्षांपूर्वी आम्ही लोकवर्गणीतून एका कंपनीचा गणिताचा गेम विकत घेतला होता. पडद्यावर मोटारींची शर्यत होती. गुणाकाराचा प्रश्न यायचा, खाली चार पर्याय असायचे, उत्तर बरोबर आले की आपली गाडी पुढे सरकायची. पहिल्या आठवड्यात वर्गात जत्रेसारखा उत्साह होता, आणि केंद्रप्रमुखांनी शिक्षण परिषदेत आमचे कौतुकही केले. तिसऱ्या आठवड्यात माझ्या लक्षात आले की पाचवीतला एक मुलगा प्रश्न वाचतच नाही. चुकीच्या उत्तराला गाडी मागे जात नाही, फक्त क्षणभर थांबते, हे त्याने हेरले होते. त्यामुळे तो चारही पर्याय एकापाठोपाठ दाबत सुटायचा आणि विचार करून उत्तर देणाऱ्या मुलीच्या आधी शर्यत संपवायचा. त्याला दोष देण्यासारखे काही नव्हते, कारण खेळ जिंकण्यासाठी जे करायला हवे तेच तो करत होता. त्या खेळाची खरी चाल म्हणजे भराभर बोट मारणे, आणि गुणाकार हा त्यातला अडथळा. मुले अडथळा चुकवायला शिकतात, तशी तीही शिकली. कागदावर सात-आठ गुणाकार दिले तेव्हा शर्यतीत पहिला येणारा हा मुलगा आधी होता तिथेच होता.

हा भेद मला नंतर संशोधनातही सापडला. टॉमस मॅलोन यांनी १९८० च्या सुमारास स्टॅनफर्ड विद्यापीठात मुलांना संगणकावरचे खेळ का आवडतात याचा अभ्यास केला. त्यांनी तपासलेल्या खेळांपैकी 'डार्ट्स' या खेळात एका उभ्या संख्यारेषेवर फुगे लावलेले असत. फुगा ज्या जागी आहे तिथली संख्या मुलाने अपूर्णांकात टंकायची, की तेवढ्या उंचीवर बाण सुटायचा. उत्तर चुकले तरी बाण कुठे लागला ते दिसायचे, म्हणजे आपण कमी सांगितले की जास्त, आणि कितीने, हे मुलाला कोणी न सांगता कळायचे. इंग्लंडमध्ये जेकब हॅबगुड आणि शॅरन एन्सवर्थ यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात यापुढचे पाऊल टाकले. एकाच भागाकाराच्या खेळाच्या त्यांनी दोन आवृत्त्या केल्या. एकीत छातीवर संख्या असलेल्या सांगाड्याला हरवण्यासाठी त्या संख्येला नि:शेष भाग जाईल असे शस्त्र निवडावे लागे; दुसरीत लढाई नुसती लढाई असे आणि भागाकाराचे प्रश्न टप्पा संपल्यावर प्रश्नमंजूषा म्हणून येत. गणित तेवढेच, वेळ तेवढाच, तरी पहिल्या आवृत्तीतली मुले अधिक शिकली. आणि कोणती आवृत्ती खेळायची ते मुलांवरच सोडले तेव्हा तीच आवृत्ती ती सुमारे सातपट अधिक वेळ खेळली. गेम म्हणजे कडू औषधावरची साखर, ही जी सर्वसाधारण समजूत आहे, ती या प्रयोगाने बरीच खोटी ठरवली.

खेळातून शिकणे आपल्याकडे नवे नाही हे मी येथे मुद्दाम नोंदवतो, कारण शिक्षण परिषदांतून ते परदेशी फॅशन असल्यासारखे बोलले जाते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी जे काम उभे केले त्यात शिंपले, बिया, काड्या, गुरे चारण्याची कुरणे हेच साहित्य आणि हाच वर्ग होता. त्याहून मागे जायचे तर मोक्षपट, म्हणजे जुनी सापशिडी, आहेच, ज्याचे श्रेय परंपरा ज्ञानेश्वरांना देते. मात्र शिकवण्याचे साधन म्हणून पाहिले तर मोक्षपटातही माझ्या मोटारींच्या शर्यतीचाच दोष आहे, असे माझे नम्र मत आहे: सद्गुणाच्या शिडीवर चढायला सद्गुण लागत नाही, कवड्या बऱ्या पडाव्या लागतात.

आता एक तासिका जवळून पाहू. मॅलोन यांच्या खेळावरून मी 'जिओजिब्रा' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये एक साधा खेळ तयार केला. फुग्यांच्या जागी आंबा घेतला, कारण फुगे फोडणे मुलांना आवडले पण मुलींना फारसे रुचले नाही असे मॅलोन यांनाच आढळले होते, आणि दगडाने आंबा पाडण्याबाबत आमच्या गावात असा भेदभाव नव्हता. पडद्यावर ० ते १ अशी आडवी रेषा असते, तिच्यावर कुठेतरी आंबा लटकलेला असतो, मधल्या खुणा नसतात. अपूर्णांक टंकला की दगड त्या जागी पडतो आणि तिथे ठिपका उरतो. सहावीच्या तीन मुलांत एक टॅब दिला होता. एकीने १/२ टाकला, दगड आंब्याच्या अलीकडे पडला. दुसऱ्याने ३/४ टाकला, तो पलीकडे गेला. मग तिसरा म्हणाला, "दोघांच्या मधलं पाहिजे ना, मग वरचे वर मिळवा आणि खालचे खाली मिळवा." एक आणि तीन चार, दोन आणि चार सहा, त्याने ४/६ टाकला. दगड आंब्याच्या थोडा पलीकडे, पण खरोखरच आधीच्या दोन ठिपक्यांच्या मध्ये पडला, आणि तो जिंकल्यासारखा ओरडला. पहिली मुलगी जरा वेळ गप्प बसली आणि मग पाटीवर लिहीत म्हणाली, "अर्धा म्हणजे चार छेद आठ. पाऊण म्हणजे सहा छेद आठ. मग पाच छेद आठ टाकू या." आंबा पडला.

या चार चालींत जे घडले ते मला फळ्यावर दोन तासिकांत घडवता आले नसते, हे खरे. परंतु त्या तिसऱ्या मुलाच्या चालीकडे पुन्हा पाहा. अंशांत अंश आणि छेदांत छेद मिळवणे ही अपूर्णांकांच्या बेरजेतली सर्वांत सार्वत्रिक चूक आहे, आणि खेळाने नुकतीच तिला शाबासकी दिली होती. गणितदृष्ट्या त्याची युक्ती बरोबरच होती, कारण असे केले की मिळणारा अपूर्णांक नेहमी त्या दोघांच्या मध्येच पडतो. फक्त ती बेरीज नव्हे. मी त्या वेळी खेळ थांबवला आणि सगळ्या वर्गाला एकच प्रश्न विचारला: अर्धा लिटर दुधात पाऊण लिटर दूध ओतले तर एक लिटरचे भांडे पुरेल का? पुरणार नाही, भांडे उतू जाईल, हे सगळ्यांना माहीत होते. मग ४/६ ही त्यांची बेरीज कशी असेल, कारण तो तर एकाहूनही लहान आहे? पुढची १५ मिनिटे टॅब पालथे पडून होते आणि वाद चालू होता. त्या मुलाला आपली युक्ती सोडायची नव्हती, आणि मीही ती सोडायला लावली नाही. ती कशासाठी चालते आणि कशासाठी चालत नाही, एवढे त्याने वहीत लिहून काढले. मी शेजारच्या वर्गात बसून हजेरीपट भरत असतो आणि मुले गेम खेळत असती, तर तो मुलगा खेळात यशस्वी आणि बेरजेत पक्का चुकलेला असा घरी गेला असता. म्हणून बाई, ३५ मिनिटांच्या तासिकेत खेळाला १५ मिनिटे आणि त्यावरच्या बोलण्याला २० मिनिटे ठेवा. मी हे प्रमाण उलटे करून पाहिले आहे. त्यात मजा येते, पण वहीत काही उतरत नाही.

आपल्याकडे ३४ मुलांत १० टॅब आहेत ही अडचण नाही, उलट सोय आहे. तीन-चार मुलांत एक टॅब असला की चाल करण्यापूर्वी ती आपसांत बोलतात, आणि ते बोलणे आपल्याला ऐकू येते. एकाने टॅब हाताळायचा, एकाने चाल सुचवायची, एकाने पाटीवर लिहायचे, चौथा असल्यास त्याने चाल करण्याआधी "का?" असे विचारायचे, आणि पाच चालींनंतर कामे फिरवायची. कामे फिरवली नाहीत तर प्रत्येक गटात टॅब एकाच हातात राहतो, आणि तो हात बहुतेक वेळा मुलाचा असतो, मुलीचा नसतो.

आता संशोधनाच्या बाजूने एक सावधगिरी आणि एक आशा. प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप देण्याच्या जगप्रसिद्ध योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली आपल्याच रायगड जिल्ह्यात, कर्जतजवळच्या खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला होता. त्या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपांविषयी तेव्हा फार लिहिले गेले. हीच योजना मोठ्या प्रमाणावर राबवणाऱ्या पेरू देशात नंतर पद्धतशीर मूल्यमापन झाले, तेव्हा मुलांना संगणक हाताळता येऊ लागला होता, पण गणित आणि भाषेच्या गुणांत फरक पडलेला नव्हता. दुसरीकडे दिल्लीत 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाचा अभ्यास कार्तिक मुरलीधरन, अभिजीत सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी केला, तो २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात साडेचार महिन्यांत गणितात आणि हिंदीत चांगली, मोजता येण्याजोगी प्रगती दिसली. दोन्हींत उपकरण होतेच. फरक असा की, दिल्लीचा कार्यक्रम प्रत्येक मुलाची पातळी आधी तपासायचा आणि सातवीतल्या मुलाला चौथीचे येत नसेल तर चौथीपासून सुरुवात करून द्यायचा. शिवाय संगणकाच्या वेळेला जोडून छोट्या गटाला माणूस शिकवायचा. आपल्या वर्गातही सहावीच्या पटावर असलेली सगळी मुले सहावीच्या पातळीवर नसतात. चांगल्या गेमची ताकद यात आहे की, एका गटाला १/२ आणि ३/४ च्या मधला आंबा देता येतो आणि शेजारच्या गटाला फक्त अर्धा आणि पाव ओळखायला देता येतो, आणि कोणालाही आपण मागच्या बाकावर आहोत असे वाटत नाही.

गुण, चांदण्या, पदके आणि 'वर्गात पहिले पाच' अशी यादी यांविषयी माझे मत प्रतिकूल आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांचा १९७३ चा प्रयोग जुना असला तरी मला तो अजून पटतो: ज्या बालवाडीतल्या मुलांना रंगीत पेनांनी चित्रे काढायला मुळातच आवडत होते, त्यांना "चित्र काढलेस तर प्रमाणपत्र देऊ" असे आधी सांगून प्रमाणपत्र दिले, तेव्हा नंतरच्या मोकळ्या वेळेत ती मुले पूर्वीपेक्षा कमी चित्रे काढू लागली. गेममधली क्रमवारी बंद करण्याची सोय असेल तर ती बंद करा.

कोणती साधने घ्यावीत, हे थोडक्यात. जिओजिब्रा गणितासाठी पुरेसे आहे आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालते. विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचा 'फेट' हा संच वापरा. नोबेलविजेते कार्ल वीमन यांनी तो २००२ साली सुरू केला आणि त्यातली बरीच प्रतिरूपे मराठीत आहेत. पण तेथे एक पथ्य पाळा: सेल, तार आणि बल्ब हाताशी असताना विद्युत परिपथ आधी टॅबवर करू नका. आधी खरा बल्ब पेटू द्या, तार गरम लागू द्या, आणि मग तारेत जे डोळ्यांना दिसत नाही ते, म्हणजे इलेक्ट्रॉनांचे वाहणे, टॅबवर दाखवा. पहिली-दुसरीसाठी 'जीकॉम्प्रिस' मोफत, जाहिरातमुक्त आणि इंटरनेटविना चालणारे आहे. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोडवरून 'दीक्षा' या सरकारी मंचावरचे साहित्य मिळते. त्यातले बरेच व्हिडिओ आहेत, गेम नव्हेत, एवढे ध्यानात ठेवून ते वापरावे. स्मार्ट टीव्हीसाठी 'प्लिकर्स' उत्तम आहे. त्यात मुलांजवळ फक्त छापील कार्ड असते, ते चार बाजूंपैकी कोणत्या बाजूने धरले यावरून क, ख, ग, घ असे उत्तर ठरते, आणि शिक्षकाने आपला मोबाइल वर्गावरून फिरवला की सगळ्यांची उत्तरे एकदम नोंदली जातात. लाजरे मूलही त्यात उत्तर देते, कारण त्याचे कार्ड काय म्हणते हे शेजाऱ्याला सहज कळत नाही.

आता आभासी वर्ग. मार्च २०२० नंतर शाळा बंद झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी जे केले त्याला मी स्वतःसकट कोणालाच आभासी वर्ग म्हणणार नाही. ते ४० मिनिटांचे भाषण होते, आणि समोर काळ्या चौकोनांत नावे होती. सोलापूरच्या नीलमनगरात शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर पाठ रंगवले, दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झाली, ही त्या काळातली अधिक समजूतदार उत्तरे होती, कारण मोबाइल घरात असणे आणि तो मुलाच्या हातात असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना कळले होते. 'असर' या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीत २०२१ साली शाळेत दाखल असलेल्या ६७.६ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र असा फोन घरी असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो वापरायला मिळतच नव्हता. त्यामुळे संध्याकाळी मुलांनी घरून जोडले जायचे, असा आभासी वर्ग आपल्या मुख्याध्यापकांच्या मनात असेल तर माझा सल्ला स्पष्ट आहे: तो नको. ज्यांच्या घरी फोन वडिलांबरोबर शेतावर किंवा ट्रकवर जातो, ती मुले त्यातून पहिल्याच दिवशी बाहेर पडतात.

शाळेतच, स्मार्ट टीव्हीसमोर, सगळा वर्ग मिळून दुसऱ्या शाळेशी जोडला जातो, तो आभासी वर्ग मात्र जरूर भरवा. २०१९ च्या दिवाळीनंतर आम्ही माण या दुष्काळी तालुक्यातली एक शाळा आणि गुहागर तालुक्यातली खाडीकाठची एक शाळा अशी जोडून दिली होती. माणच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नव्हता. त्यांचा पहिला प्रश्न असा होता की, भरती रोज एकाच वेळी येते का. गुहागरच्या मुलांनी तोंडी उत्तर दिले नाही. त्यांच्या सरांनी मोबाइल धक्क्यावर नेला आणि पाण्यात अर्धी बुडालेली एक पायरी दाखवली. दोन तासांनी पुन्हा जोडले तेव्हा आणखी तीन पायऱ्या उघड्या पडल्या होत्या. मग पुढचे सहा दिवस त्या मुलांनी दिवसाउजेडी येणाऱ्या भरतीची वेळ वहीत टिपली आणि रोज ती संदेशाने पाठवली. वेळ रोज पुढे सरकत होती, सरासरी ५० मिनिटांच्या आसपास. कोळीवाड्यातल्या एका आजोबांनी पडद्यावरून सांगितले की, ते घड्याळ न पाहता तिथीची पाऊणपट करतात: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, तीच भरतीची अंदाजे वेळ. माणच्या मुलांनी पाऊण म्हणजे ३/४ हे आंबे पाडताना शिकले होते; त्यांनी लगेच हिशेब केला की आजोबांच्या नियमाने भरती रोज ४५ मिनिटेच पुढे सरकायला हवी, मग वहीत ५० का येतात? हा प्रश्न माझ्या पाठटिपणात नव्हता. त्यावर तिथी आणि सौरदिवस यांची लांबी सारखी नसते येथपर्यंत आम्ही पोचलो, आणि पुढचे सातवीसाठी राखून ठेवले. गुहागरच्या मुलांना त्या वर्षीच्या उन्हाळ्यातल्या चारा छावण्यांविषयी विचारायचे होते. त्यांतल्या एकीचा प्रश्न होता की छावणीत गाई असतात आणि घर चार मैलांवर, तर दूध कोण काढते. त्यावर माणची अर्धी शाळा एकदम बोलू लागली, कारण आई किंवा आजी छावणीतच राहायची हे उत्तर प्रत्येकाच्या घरचे होते.

यातून निघालेले माझे काही नियम आहेत. जोडलेला वेळ २५ मिनिटांहून अधिक नसावा. तो विचारण्यासाठी आणि दाखवण्यासाठी असावा, सांगण्यासाठी नव्हे. वाचायचे ते आधी वाचून यावे. उत्तरे एकदम हवी असतील तर मुलांनी पाटीवर लिहून सगळ्या पाट्या कॅमेऱ्यासमोर धराव्यात, कारण एकाच माइकवर ३४ आवाज ऐकू येत नाहीत पण ३४ पाट्या दिसतात. कॅमेरा शिक्षकाच्या तोंडावर न ठेवता वस्तूवर ठेवावा. नेटवर्क जाईल असे गृहीत धरावे, आणि गेल्यावर मुलांनी काय करायचे ते आधी ठरवावे. आमच्याकडे पुढचे दोन प्रश्न लिहून ठेवायचे असा संकेत होता, त्यामुळे नेटवर्क गेले की वर्गात गोंधळ न होता पेन्सिली बाहेर यायच्या. आणि आठवड्यातून दोनदा हे होत नाही. महिन्यातून दोनदा झाले तरी पुष्कळ, कारण मधल्या दिवसांत मोजायचे, टिपायचे, वाचायचे काम असते. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत शिक्षणसंशोधक सुगता मित्रा यांच्या, मुलांनी इंटरनेटवरून आपले आपण शिकावे यासाठीच्या 'स्कूल इन द क्लाउड' प्रकल्पाची एक प्रयोगशाळा झाली, तिच्याबरोबर स्काइपवरून मुलांशी गप्पा मारणाऱ्या, गोष्टी वाचणाऱ्या परदेशी स्वयंसेवकांचीही कल्पना होती. मुले आपली आपणच शिकतील हा सुगता मित्रा यांचा मोठा दावा मला पूर्ण पटत नाही. पण दूरवरचे एखादे माणूस मुलाचे बोलणे नीट ऐकून घेते तेव्हा मूल इंग्रजीतसुद्धा बोलू लागते, हा त्यातला छोटा भाग मी खरा होताना पाहिला आहे.

पालकांची तक्रार राहिली. ती चुकीची आहे असे समजून बोलायला जाऊ नका. 'असर'च्या २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयोगटातल्या ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर शिक्षणाशी संबंधित काही केलेली मुले ५७ टक्के होती आणि समाजमाध्यमे वापरलेली ७६ टक्के. जागतिक आरोग्य संघटनेने गेमच्या विकाराला आपल्या रोगवर्गीकरणात स्थान दिले आहे, आणि पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली आहे. पालकांना जे दिसते ते खरे आहे. शाळेने फरक दाखवून द्यावा तो असा: शाळेतल्या गेममध्ये जाहिरात नाही, खरेदी नाही, अनोळखी माणसाशी गप्पा नाहीत, मुलाच्या नावाने खाते नाही. शेवटचे विशेष महत्त्वाचे, कारण २०२३ च्या वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानले आहे आणि त्याची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती आवश्यक ठरवली आहे. नाव, जन्मतारीख, फोटो मागणारे ॲप कितीही चांगले दिसले तरी टॅबवर घालू नका.

आणि सभेत नुसते बोलू नका, पालकांनाच खेळायला बसवा. आमच्या शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत मी आंब्याचा खेळ टीव्हीवर लावला होता. तरुण वडील मंडळी अडखळत होती. मागे बसलेल्या एका आजोबांनी टॅब न घेता नुसते जागेवरून सांगितले, "अर्ध्याच्या पुढं, पाऊणच्या अलीकडं, अडीच पाव धरा की." अडीच पाव म्हणजे ५/८. आंबा पडला. त्यांच्याकडून पावकी, निमकी, पाउणकी, म्हणजे पाव, अर्धा आणि पाऊण यांचे पाढे, लहानपणी पाठ करून घेतलेले होते. त्यानंतर टॅबविषयी त्या गावात फारशी तक्रार झाली नाही. उलट पाउणकी पुन्हा शिकवा अशी मागणी आली, आणि दोन शनिवार ते आजोबाच शिकवायला आले.

पहिल्या महिन्यात फक्त एक घटक आणि एकच गेम घ्या. सुरू करण्यापूर्वी पाच प्रश्न कागदावर सोडवून घ्या आणि महिन्याने तसेच पाच पुन्हा द्या, पण त्यांतले दोन असे असू द्या की ज्यांत रेषा नाही, आंबा नाही, दूध किंवा कापड आहे. तिथेही जमले तर मुले अपूर्णांक शिकली, नाहीतर फक्त खेळ शिकली. टॅब सकाळी शाळा भरतानाच चार्ज होतील असे पाहा, कारण दुपारनंतर वीज जाण्याची खात्री इंटरनेट येण्याच्या खात्रीहून जास्त असते. आणि टॅबची नोंद जडसंग्रह नोंदवहीत करताना, एखादा फुटला तर त्याचे निर्लेखन कसे करायचे, म्हणजे तो नोंदवहीतून कमी कसा करायचा, हे केंद्रप्रमुखांना त्याच दिवशी लेखी विचारून ठेवा. मी ज्या शाळांमध्ये जातो तिथे दहापैकी निम्मे टॅब खोक्यातच असतात, आणि त्याचे कारण विचारले तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते: फुटला तर भरून कोण देणार.